एआय एजंटला ‘फक्त वाचायची’ परवानगी देताय? या चुका टाळा

हिंजवडी, बाणेर, खराडी, कुठेही विचारा, एआय एजंट, म्हणजे टूल्स वापरून स्वतःच कामं करणारा एआय, डेटाबेसला नाहीतर लॉग्सना जोडलेला असतोच आणि सिक्युरिटीचा विषय काढला की ऐकायला मिळतं, "अहो रीड-ओन्ली आहे, फक्त वाचतो, काय होणारे?" बरंच काही होऊ शकतं. लिहिता येत नाही म्हणजे डेटा बिघडणार नाही एवढंच, तो बाहेर जाणार नाही याची हमी त्यात कुठेच नाहीये.

हीच सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी तीच बघू. समजा सोसायटी मेंटेनन्सचं ॲप आहे, कोथरूड-वारज्यातल्या सोसायट्या वापरतात, आणि एक एजंट रोजच्या तक्रारी वाचून कमिटीला थोडक्यात सांगतो. त्याला तक्रारी दिसतात, रहिवाशांचे फोन नंबर दिसतात, आणि वेब लिंक उघडायचं एक टूलही आहे, तेसुद्धा म्हणे "वाचायचंच". आता कुणी तक्रारीतच लिहिलं की सगळे नंबर या लिंकच्या शेवटी जोड आणि उघड, तर एजंट ती सूचना समजून खरंच तसं करू शकतो, आणि लिंक उघडताक्षणी नंबर समोरच्या सर्व्हरवर गेलेले असतात. कुठेही काही 'लिहिलं' गेलं नाही तरी! खाजगी डेटा, परक्यानं लिहिलेला मजकूर आणि बाहेर जायची वाट, हे तिन्ही एकत्र आले की धोका, सॉफ्टवेअर डेव्हलपर सायमन विलिसन २०२५ पासून हेच कळकळीनं सांगतायत. तिघांपैकी एक तरी तोडा. शक्यतो बाहेरची वाट तोडा, ठरावीक डोमेन सोडून सगळं बंद, आणि उत्तरात बाहेरच्या इमेज लोड होऊ देऊ नका, डेटा त्या वाटेनंही जातो.

दुसरी चूक म्हणजे नियम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला दिलेल्या लेखी सूचनांत, लिहून मोकळं होणं. "काही डिलीट करू नकोस" ही विनंती झाली, नियम नाही. एमसीपी, म्हणजे एजंटला टूल्स जोडायचं स्टँडर्ड, त्यातल्या टूल्सवर 'हे फक्त वाचतं' सांगणारी 'रीड-ओन्ली हिंट' असते तिचंही तेच, ती टूल बनवणाऱ्यानंच लावलेली असते, आणि सर्व्हर भरवशाचा नसेल तर तिच्यावर विसंबू नका असं एमसीपीच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलंय. अडवायचं ते डेटाबेसनं, ऑपरेटिंग सिस्टीमनं, क्लाउडनं अडवलं पाहिजे.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये काही जण क्वेरी रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात, पण एका वेळी अनेक स्टेटमेंट चालत असतील तर आधी कमिट (ट्रान्झॅक्शन तिथेच संपवणं) आणि मागून ड्रॉप टेबल (टेबल उडवणं) पाठवलं की ते कवच गेलं. एजंटसाठी वेगळा रोल करा, त्याला लागतील तेवढ्याच टेबलांवर सिलेक्ट, म्हणजे वाचायची परवानगी, द्या. त्यातही एक खाच आहे, सिलेक्टमधून फंक्शन चालवता येतं, ते सिक्युरिटी डिफायनर असेल तर मालकाच्या अधिकारानं चालतं, आणि फंक्शन चालवायची परवानगी डीफॉल्टनं सगळ्यांना असते, ती आवर्जून काढून घ्या.

शेल, म्हणजे सिस्टीमवर कमांड चालवायची सोय, देत असाल तर कमांडच्या नावापुढे स्टार ('पुढे काहीही चालेल') लावून परवानगी देऊ नका. फाइंड शोधतं तसंच डिलीटही करतं, गिट लॉग आउटपुट फाइलमध्ये लिहू शकतं. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये, एडब्ल्यूएसमध्ये, 'रीडओन्लीॲक्सेस' पॉलिसीनं एस-थ्री या स्टोरेजमधल्या फाइलींचा मजकूरही वाचता येतो, नुसती यादी हवी असेल तर 'व्ह्यूओन्लीॲक्सेस' बघा. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये तयार 'व्ह्यू' रोल सीक्रेट्स, म्हणजे साठवलेले पासवर्ड वगैरे, दाखवत नाही, पण लोक स्वतःचा रोल बनवताना सगळीकडे स्टार टाकतात आणि पासवर्ड उघडे पडतात.

आणि आता नेहमीची कटकट, काल चालणारा एजंट आज "परमिशन डिनाइड" म्हणतो आणि रिलीजच्या गडबडीत कुणीतरी त्याला ॲडमिन करून टाकतं. प्लीज असं करू नका! बहुतेकदा कारण साधं असतं, पोस्टग्रेसमध्ये 'सगळ्या टेबलांवर सिलेक्ट' ही परवानगी त्या क्षणी असलेल्या टेबलांपुरतीच लागते, नंतर मायग्रेशननं, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतल्या बदलानं, आलेलं टेबल त्यात नसतं. ते एजंटला खरंच लागतंय का हे आधी विचारा, लागत असेल तर तेवढ्याच टेबलावर द्या. सिलेक्ट असूनही एरर येत असेल तर ते टेबल ज्यात आहे त्या स्कीमावर (टेबलांच्या गटावर) यूसेज, म्हणजे वापरायची परवानगी, दिलंय का बघा, हे हमखास राहतं.

सगळं झालं की स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सिस्टीमवर, एजंटच्याच लॉगिननं स्वतः बसा, इन्सर्ट करून बघा, पगाराचं टेबल उघडून बघा, अनोळखी डोमेनला रिक्वेस्ट मारून बघा. तिन्हीला नकार आला पाहिजे, आणि तो नकार लॉगमध्ये एजंटच्या नावानं दिसला पाहिजे, कॉमन सर्व्हिस अकाउंटच्या नावानं नाही.