ताग गाडा, पण कळी दिसताच

ताग हे हिरवळीच्या खताचे पीक, म्हणजे हिरवे असतानाच रानात गाडून खत करायचे. पेरणी सोपी आहे. वाफसा (ना चिखल ना कोरडे, अशी पेरणीजोगी ओल) आला की हेक्टरी ५० किलो बी दाट पेरा. रानात ताग पहिल्यांदाच येत असेल तर दर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतले नत्र, म्हणजे नायट्रोजन, धरणारे जिवाणू) चोळा. नत्रखत देऊ नका. आयते नत्र मिळाले की मुळांवर गाठी कमी धरतात. चौथ्या आठवड्यात दोन-चार रोपे खणून गाठी चिरून पाहा, आत गुलाबी दिसल्या पाहिजेत.

सगळे बिघडते ते गाडणीत. ‘फुलोरा भरात येऊ द्या, पाला जास्त मिळेल’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. पहिल्या कळ्या दिसल्या, म्हणजे साधारण ४० ते ५० दिवस झाले, की गाडा. खोड वाकवून बघा. रसरशीत असेल आणि कटकन मोडले तर वेळ बरोबर आहे. साल दोरीसारखी सोलून येत असेल तर उशीर झालाच. जून खोडात नत्राच्या मानाने कर्ब (कार्बन) फार असतो. ते कुजवताना जिवाणू जमिनीतले नत्रही ओढून घेतात आणि पुढचे पीक कोवळेपणीच पिवळे पडते. मग दोष हिरवळीच्या खताला दिला जातो, खरा दोष उशिराचा असतो. उशीर झालाच असेल तर खोडांचे बारीक तुकडे करा आणि पेरणी लांबवा.

खोल नांगरू नका. १० ते १५ सेंटिमीटर पुरे. त्याखाली हवा कमी, पाल्याचा थर नीट कुजत नाही, आंबतो. कोरड्या रानातही गाडू नका, ओल नसेल तर आधी पाणी द्या.

गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबा. लगेच पेरले तर कुजत्या पाल्यावर वाढलेली पिथियमसारखी बुरशी कोवळी रोपे मारते. पण महिना-दोन महिने रान मोकळे ठेवणेही चूकच, कारण मोकळे झालेले नत्र पावसाबरोबर खाली निघून जाते.

ताग गाडला म्हणून पुढच्या पिकाच्या नत्रखतात करायची कपात अंदाजाने करू नका. गाडण्यापूर्वी चार-पाच ठिकाणी एकेक चौरस मीटर ताग कापून वजन करा. सरासरी २ किलो भरला तर हेक्टरी २० टन; त्यात ८० किलोच्या आसपास नत्र. पहिल्या पिकाच्या वाट्याला त्यातले निम्मेही येईलच असे नाही, म्हणून पहिल्या वर्षी हेक्टरी ३० किलो नत्रच कमी करा. स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) कमी करू नका. ताग ते नव्याने आणत नाही, जमिनीतलेच परत देतो. एका पट्ट्यात मात्र नत्राची पूर्ण मात्रा द्या. बाकी रान त्या पट्ट्यापेक्षा फिके दिसू लागले तर राखलेले नत्र वरखत (उभ्या पिकाला द्यायचे खत) म्हणून तेव्हाच द्या.