न कापता विपील शिवताना

मेक्सिकोतल्या ओआहाका आणि चियापासमधलं विपील, म्हणजे बायकांचा सैल झग्यासारखा पोशाख, कमरेला बांधलेल्या मागावर विणलेल्या पट्ट्या जोडून होतं. चारही बाजूंना विणीचाच काठ असतो, म्हणून कात्री लावू नका; सैल वीण लगेच उसवते.

40 सेंमी रुंद, 140 सेंमी लांब दोन पट्ट्या घ्या. आधी अर्धा तास थंड पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. सुती कापड आटतं. शिवल्यावर आटलं तर जोड चुण्या धरतो.

पट्ट्या शेजारी ठेवून आडव्या दुमडा, घडी म्हणजे खांदा. मधल्या जोडात घडीपासून पुढे 20, मागे 12 सेंमी मोकळे सोडा. याहून कमी ठेवलंत तर डोकं अडकेल. काठ एकमेकांवर न चढवता भिडवा आणि जाड सुती धाग्याने आलटून-पालटून टाके घाला. गळ्याच्या टोकांना दोन-तीन आडवे टाके हवेतच, ताण तिथेच येतो. बाजूंना हातांसाठी 24 सेंमी सोडून खाली शिवा. जीन्सवर घालायचं असेल तर खालचे 15 सेंमीही उघडे राहू द्या, फार सुंदर पडतं.

कोचिनीलचा, म्हणजे किड्यांपासून काढलेल्या रंगाचा, लाल धागा असेल तर सौम्य साबणच वापरा. सोड्याने तो जांभळट होतो, लिंबाने नारिंगी.