रंग जाळीवर ओतण्याआधी

अंडरग्लेझ, म्हणजे मातीच्या वस्तूवर ग्लेझच्या (काचेसारख्या लेपाच्या) खाली बसणारा रंग, छपाईच्या जाळीवर ओतला की हातात मोजकी मिनिटं उरतात. रंग भोकांतच सुकायला लागतो आणि नाजूक रेषा एकेक करून बुजतात. म्हणून बरणी उघडायच्या आधीच निम्म्याहून जास्त काम उरकलेलं असावं. इथे लिहितेय ते स्क्रीन प्रिंटिंगने चित्र कागदावर छापून कच्च्या मातीवर उतरवण्याच्या पद्धतीबद्दल. डेकलचं, म्हणजे पाण्यात भिजवून ग्लेझवर सरकवायच्या छापील चित्राचं, शेवटी थोडक्यात.

पहिली निवड जाळीची. नाव सिल्क स्क्रीन असलं तरी आता बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टरच ताणलेलं असतं. सिरॅमिकचे रंग भरड असतात, तेव्हा सेंटीमीटरला 43 ते 77 धाग्यांची जाळी घ्या. 120 ची जाळी रेषा देखणी देते, पण रंगाचा थर इतका पातळ बसतो की ग्लेझखाली फिका पडतो. चौकटीवर बोटाने टिचकी मारून पाहा. जाळी ढिली वाजली तर तिच्यावर वेळ घालवू नका. इमल्शन (जाळीवर लावायचा, प्रकाशाने कडक होणारा लेप) पाण्याला टिकणारं हवं, कारण रंग पाण्यातला आहे. ते पिवळ्या दिव्याखाली पातळ लावा आणि अंधारात आडवं ठेवून पूर्ण सुकवा. एक्स्पोजरची, म्हणजे चित्र ठेवून जाळीवर प्रकाश पाडण्याची, वेळ दुसऱ्याच्या वहीतून उचलू नका. दिवा आणि अंतर बदललं की वेळही बदलते. एका जुन्या चौकटीवर वेगवेगळ्या वेळेच्या पट्ट्या पाडून स्वतःची वेळ काढा.

मग चित्राची दिशा, आणि इथे सावकाश व्हा. कागदावरचा छाप मातीवर उलटा पडतो, त्यामुळे कागदावर अक्षरं आरशातल्यासारखी दिसायला हवीत. माझ्या फरश्यांचा एक आख्खा संच यापायी गेला. छाप अप्रतिम होते, वाचता मात्र एकही येत नव्हता. तेव्हापासून पॉझिटिव्हच्या (ज्या पारदर्शक फिल्मवरून चित्र जाळीवर उतरतं तिच्या) कोपऱ्यात मी एक छोटा ‘र’ काढते आणि धुतलेल्या स्क्रीनमधून छापलेला पहिला कागद आरशासमोर धरते. माप ठरवताना माती आकसते हेही धरा. ओल्यापासून पक्क्या भाजणीपर्यंत दहा-बारा टक्के सहज जातात आणि चित्रही तेवढंच लहान होतं.

रंग बारीक चाळणीतून गाळून घ्या. एक गुठळी पुरते, सगळ्या छापांवर पांढरी रेघ उमटवत जाते. त्यात स्क्रीनचं मीडियम किंवा थोडं ग्लिसरीन घाला, म्हणजे सुकणं लांबतं. चमचा तिरका केला की रंग धारेने वाहू नये, जड होऊन सुटावा. पातळ रंग जाळीखाली पसरतो आणि कडा फुटतात.

माती तयार आहे का, हे नखाला विचारा. खूण उमटावी, पण बोटाला काही चिकटू नये. सगळी कला या ओलीत आहे, असं मला मनापासून वाटतं. छापलेल्या कागदावरची चमक गेली आणि रंग अजून गार लागतोय, तो क्षण उतरवण्याचा. चमक असताना दाबलात तर चित्र फिसकटतं. कोरडा ठणठणीत झाला तर कागद सोडतच नाही. मातीवरून ओला स्पंज हलकेच फिरवा, कागद पालथा ठेवा आणि रबरी किडनीने (मूत्रपिंडाच्या आकाराच्या लवचिक पट्टीने) मधून कडेकडे घासा. एक कोपरा उचलून बघा. रंग कागदालाच राहिला असेल तर पुन्हा टेकवा, पाठीवरून ओला स्पंज लावा, थांबा.

टेबलावर कापलेले न्यूजप्रिंटचे तुकडे मोजून ठेवा, लागतील त्याच्या दुप्पट. चौकटीच्या कोपऱ्यांखाली दोन-तीन मिलिमीटरची चकती चिकटवा, म्हणजे स्क्वीजी (जाळीवरून रंग ओढायची रबरी पट्टी) पुढे सरकताच जाळी कागदावरून सुटते. बादली आणि स्पंज हाताशी हवेत; छपाई थांबली की लगेच स्क्रीन धुवायची. सुकलेला रंग झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ फुप्फुसांसाठी वाईट आहे.

डेकल करायचं असेल तर चित्र सुलटंच ठेवा, कारण ते पाण्यात सुटून आहे तसंच सरकतं. त्याच्याखाली हवेचा फुगा राहू देऊ नका, भट्टीत तिथे भोक पडतं. वरचा कव्हरकोट (चित्र एकसंध धरून ठेवणारा पातळ पापुद्रा) जळताना धूर होतो. म्हणून सुरुवातीला तापमान हळू चढवा, भट्टीची झडप आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा. ऑनग्लेझ रंग (भाजलेल्या ग्लेझवर लावायचे) साधारण 750 ते 850 अंश सेल्सिअसला बसतात. शिसं किंवा कॅडमियम असलेला रंग अन्न टेकेल त्या पृष्ठभागावर लावू नका. बरणीवरची चिठ्ठी रंग विकत घेतानाच वाचा.