डक्टमधलं घुबड, गावठाणातला पिंगळा: समोर आलं तर काय करायचं

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घुबडाची पहिली ओळख बहुतेकदा आवाजाने होते. रात्री नऊनंतर बाथरूमच्या डक्टमधून कुणी झोपेत घोरावं, मध्येच कुकरची वाफ सुटावी, असा लांबट ‘श्श्श्र्र’ आवाज येत राहतो. सोसायटीच्या ग्रुपवर साप, फुटलेला पाइप, गॅसची गळती अशा सगळ्या शंका निघतात. आवाज रोज अंधार पडल्यावरच सुरू होत असेल आणि मध्यरात्रीपर्यंत थांबून थांबून चालत असेल, तर ती गव्हाणी घुबडाची पिल्लं आहेत असं समजायला हरकत नाही. भूक लागली की ती अशीच ओरडतात.

घुबड सापडलं म्हणून घाईने केलेल्या मदतीतच बरीच घुबडं दगावतात, म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच. रक्त दिसत नसेल, पंख लोंबत नसेल आणि मांजर-कुत्रं जवळ नसेल, तर संध्याकाळपर्यंत हात लावू नका. दिवसा गप्प बसलेलं घुबड बहुतेकदा आजारी नसतं, ते झोपलेलं असतं.

कोणतं घुबड आहे हे आधी ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पांढरा, बदामासारखा चेहरा, काळे डोळे, लांब पाय आणि साधारण फूटभर उंची असेल तर ते गव्हाणी. इमारतींमध्ये राहणारं हेच. मुठीपेक्षा थोडा मोठा, सुमारे २१ सेंटीमीटरचा, करड्या अंगावर पांढरे ठिपके आणि पिवळे डोळे असतील तर तो पिंगळा. हा जोडीने राहतो, झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात, आणि तिन्हीसांजेला दोघं मिळून चिरचिर कलकलाट करतात. पहाटेच्या आधीच्या वेळेला आपण ‘पिंगळावेळ’ म्हणतो, आणि त्या वेळी दारोदार येऊन भविष्य सांगणाऱ्यांना ‘पिंगळा’ म्हणतात. इतका हा पक्षी आपल्या घराजवळचा आहे.

पारसिकच्या डोंगरात, खारघरच्या कड्यांवर किंवा जुन्या दगडखाणीत डोक्यावर पिसांची दोन शिंगं असलेलं, नारिंगी डोळ्यांचं, दीड फुटाहून मोठं घुबड दिसलं तर ते शृंगी घुबड. त्याचा ‘बू-बो’ असा घुमणारा आवाज लांबून ऐकू येतो. ते उघड्या कपारीत जमिनीवरच अंडी घालतं, त्यामुळे तिथे जमिनीवर बसलेलं पिल्लू ‘पडलेलं’ नसतं. ते त्याचं घरच आहे. उचलू नका आणि फार जवळही जाऊ नका, पिल्लांजवळ आलेल्या माणसावर हा पक्षी झडप घालू शकतो. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात डोक्यावर बारीक आडवे पट्टे असलेला जंगली पिंगळा आहे, तो भर दिवसाही ओरडतो. आणि शहापूर तालुक्यात तानसाच्या जंगलात २०१४ साली वनपिंगळा सापडला. हा पक्षी शंभराहून अधिक वर्षं नामशेष समजला जात होता, १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. तानसाकडे दिवसाउजेडी, शेंड्यावर बसलेला, डोक्यावर जवळपास ठिपके नसलेला पिंगळा दिसला तर लांबूनच फोटो घ्या आणि वनखात्याला कळवा. जागा मात्र सोशल मीडियावर टाकू नका.

आता डक्टमधल्या कुटुंबाकडे वळू. गव्हाणीची मादी साधारण चार ते सात अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून पिल्लं एकाच वयाची नसतात. एक कोंबडीएवढं वाटतं, तर शेवटचं मुठीएवढं. सर्वात लहान पिल्लू बहुधा जगत नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नसतो. उबवणीला महिनाभर लागतो, त्यानंतर पिल्लं दोन महिन्यांहून थोडी जास्त तिथेच राहतात. म्हणजे अंडी दिसल्यापासून साधारण तीन महिने. आवाजाचा त्रास खरा पिल्लं महिन्याची झाल्यावर सुरू होतो आणि ती उडाली की बंद होतो. ज्यांची झोप मोडते त्यांनी तेवढे दिवस डक्टची खिडकी बंद ठेवून आतून जाड टॉवेल लावावा, आवाज बराच कमी होतो.

या तीन महिन्यांत कबुतरांसाठी जाळी लावू नका. सोसायटीत सगळ्यात वाईट चूक हीच होते: दिवसा कामगार येतात, त्यांना कोपऱ्यातली पिल्लं दिसत नाहीत, जाळी ताणून बसते, आणि रात्री आईबाप उंदीर घेऊन बाहेर घिरट्या घालत राहतात. जाळी लागून गेली असेल तर त्याच दिवशी, अंधार पडण्याआधी, वरच्या बाजूला किमान दोन फूट रुंद भाग कापून मोकळा करा. उपाशी पिल्लं एक रात्र काढतात, दोन-तीन रात्री नाही.

पिल्लं उडून गेली आणि सलग दहा-बारा रात्री आवाज आला नाही, की मग साफसफाई. आत काळपट, अंगठ्याएवढे गोळे सापडतील. त्यांना विष्ठा समजू नका. ते घुबडाने ओकून टाकलेले हाडं-केसांचे गोळे आहेत. एक गोळा पाण्यात भिजवून काडीने सोडवला तर आत उंदराच्या कवट्या, दात, बरगड्या अख्ख्या मिळतात. शाळेतल्या मुलांना दाखवण्यासारखं आहे. सफाईच्या वेळी मास्क आणि रबरी हातमोजे घाला, आधी फिनाइलचं पाणी शिंपडून सगळं ओलं करा आणि मगच खरवडा. कोरडं झाडलं तर धूळ थेट नाकात जाते.

पिल्लू खाली पडलं तर गव्हाणी आणि पिंगळा यांच्यात मोठा फरक आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे घोळ होतो.

पिंगळ्याची पिल्लं महिन्याभराची झाली की नीट उडता येण्याआधीच ढोलीबाहेर येतात. फांदीवरून खाली घसरतात, कधी पार जमिनीवर येतात. आईबाप जवळच असतात आणि खाली येऊन भरवतात. अशा पिल्लाला टॉवेलने उचलून त्याच झाडाच्या सात-आठ फुटांवरच्या फांदीवर ठेवा, आणि बाजूला व्हा. फांदी नसेल तर फळांची प्लास्टिकची टोपली घ्या, तळाला पाणी निचरून जाईल अशी भोकं आहेत ना बघा, आत सुका पाला घाला आणि सुतळीने खोडाला घट्ट बांधा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हा समज चुकीचा आहे.

गव्हाणीचं पिल्लू डक्टच्या तळाशी पडलं तर आईबाप तिथे सहसा भरवत नाहीत. ते घरट्यातच परत जायला हवं, आणि त्याच रात्री. वॉचमनकडून शिडी, नाहीतर त्या मजल्यावरच्या फ्लॅटची खिडकी, काहीही करून घरटं असलेल्या छज्ज्यापर्यंत पोचा. अगदीच शक्य नसेल तर पुठ्ठ्याचा खोका आडवा करून, एक बाजू उघडी ठेवून, घरट्याच्या सर्वात जवळच्या छज्जावर पक्का बांधा. मग वीस मीटर लांबून, दिवे बंद ठेवून, सूर्यास्तापासून दोन तास बघा. आई उतरून आत गेली तर काम झालं. आली नाही तर वनखात्याच्या हेल्पलाइनला, १९२६ वर, फोन करायची वेळ झाली.

घुबड उचलताना लक्षात ठेवा, इजा करतात त्या नख्या. चोचीची भीती जास्त वाटते पण ती गौण आहे. तोंड उघडून फुसफुसणं, पंख पसरून डोकं खाली घालणं, चोच टकटक वाजवणं हा सगळा घाबरवण्याचा प्रयत्न असतो. जाड टॉवेल वरून एकदम टाका, डोळे झाकले की ते पटकन शांत होतं. टॉवेलसकट दोन्ही पंख अंगाशी धरा आणि दुसऱ्या हाताने पाय वरच्या बाजूला, मांडीजवळ पकडा. खोका साधारण ४० सेंटीमीटर लांब आणि ३० रुंद-उंच पुरतो. बोट जाईल एवढी आठ-दहा भोकं आधीच पाडा, पक्षी आत ठेवल्यावर नाही. तळाला जुना टॉवेल घाला. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात. झाकण बंद, अंधारी खोली, पंखा-एसी बंद, मुलं बाहेर.

दूध, पाव, शिजवलेलं चिकन यातलं काहीही देऊ नका. ड्रॉपरने पाणी तर अजिबात नको: ते श्वासनळीत जाऊन पक्षी मरू शकतो. काहीच न देणं क्रूर वाटतं, पण एक रात्र उपाशी राहिल्याने घुबड मरत नाही.

कावळ्यांनी घेरलेलं घुबड हा आणखी एक नेहमीचा प्रसंग. भर दुपारी ते ग्रिलवर किंवा पार्किंगमधल्या गाडीखाली येऊन बसतं. कावळे पांगवा, जमिनीवर असेल तर वर मोठी टोपली उपडी ठेवा, टोपलीवर चादर टाका. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने खोका किंवा टोपली टेरेसच्या कठड्याजवळ नेऊन, रस्त्याच्या उलट दिशेला तोंड करून उघडा आणि पंधरा मीटर मागे जा. हवेत उडवू नका. धडधाकट असेल तर दहा मिनिटांत स्वतःच जातं. अंधार पडून तास होऊन गेला तरी बसूनच राहिलं, दोन्ही डोळ्यांतल्या बाहुल्या वेगवेगळ्या आकाराच्या दिसल्या, किंवा एक पंख खाली आला असेल, तर उडवायचा प्रयत्न सोडून द्या आणि वनखात्याची हेल्पलाइन १९२६ लावा. पक्षी कुठे, केव्हापासून, काय दिसतंय हे तीन मुद्दे सांगा. ‘घुबड आहे, लवकर या’ एवढ्याने त्यांना काही ठरवता येत नाही.

संक्रांतीच्या आगेमागे नायलॉन मांजात अडकलेली घुबडं सापडतात. बंदी आहे, तरी झाडांवर महिनोन्‌महिने मांजा लटकतो. तो ओढू नका. पक्ष्याला टॉवेलने धरून मांजा दोन्ही बाजूंनी कापा, आणि पंखात रुतलेला वीतभर तुकडा तसाच ठेवा. तो काढणं हे जनावरांच्या डॉक्टरांचं काम आहे. ओढून काढला तर पंखाची कातडी आणि स्नायू चिरतात. उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर पिंगळा चिकटला तर तिथेही सोडवायला जाऊ नका. उघड्या गोंदावर कागद किंवा पीठ दाबा म्हणजे आणखी पिसं चिकटणार नाहीत, आणि पुठ्ठ्यासकट खोक्यात ठेवून डॉक्टरांकडे न्या.

उंदीर मारायच्या विषारी वड्यांबद्दल सोसायटीच्या कमिटीत बोलाच. त्यातल्या ब्रोमॅडिओलोनने उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस मंद होऊन उघड्यावर फिरतो. असा उंदीर घुबडाला आयता मिळतो. दोन-तीन खाल्ले की घुबडाचंही रक्त गोठायचं थांबतं, आणि किरकोळ आपटलं तरी आतल्या आत रक्तस्राव होतो. ज्या डक्टमध्ये घुबड आहे त्या इमारतीत पिंजरेच लावा, पाइपभोवतीची भोकं तारेची जाळी आणि सिमेंटने बुजवा, ओला कचरा रात्रभर बाहेर ठेवू नका.

घरात कुणी वडीलधारं घुबड अशुभ म्हणून हाकला असं म्हणत असेल तर वाद घालत बसू नका. घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून नेतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असंही आपल्याकडे म्हणतात. दगड न मारण्यासाठी ती समजूतही पुरे आहे. दिवाळीच्या अमावास्येआधी मात्र डोळे उघडे ठेवा. त्या दिवसांत तंत्रमंत्रासाठी घुबडं पकडली जातात. घरट्याची चौकशी करत कुणी अनोळखी आलं तर जागा सांगू नका आणि १९२६ वर कळवा. घुबड पकडणं, पाळणं, विकणं हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

मुद्दाम बघायला जायचं असेल तर पिंगळ्यापासून सुरुवात करा. जंगलात जायची गरज नाही. दिवाळे, करावे, सारसोळे अशा गावठाणांतले जुने वड-पिंपळ, तळ्याकाठची आणि देवळामागची झाडं बघत चला. खोडावर चुना ओघळल्यासारखे पांढरे डाग आणि खाली हाडांचे गोळे दिसले की वर ढोली शोधा. बुलबुल, दयाळ, कोतवाल एकाच फांदीभोवती ओरडत असतील तर तिथे बघा, ते घुबडालाच शिव्या घालत असतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वात चांगला. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जाऊन झाडापासून वीस-पंचवीस मीटरवर एकाच जागी उभे राहा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी बांधा आणि झोत पक्ष्याच्या डोळ्यांवर न टाकता फांदीच्या खाली टाका. फ्लॅश बंद. मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. दुसरं घुबड हद्दीत घुसलं असं समजून ते घरटं सोडून बाहेर येतं, आणि तेवढ्यात अंडी थंड पडतात.

येऊरला बिबटे आहेत. वनखात्याच्या चौकीवर वेळ आणि परवानगी विचारल्याशिवाय आत शिरू नका, एकटं जाऊ नका, लहान मुलांना मध्ये ठेवून चाला, आणि अंधार पडला की मुख्य रस्ता सोडू नका. रस्त्याकडेच्या झाडांवरूनही पुष्कळ ऐकायला मिळतं.

पिंगळा ढोलीच्या तोंडाशी येऊन बसला की डोकं खाली-वर करत, मान वाकडी करत तुमच्याकडे टक लावून बघतो. त्याची बुबुळं खोबणीत फिरत नाहीत, म्हणून अंतर जोखायला त्याला सगळं डोकंच हलवावं लागतं. असं करून तो तिथेच बसून राहिला, पिसं फुगवून अंग झाडलं, तर तुम्ही योग्य अंतरावर आहात. अंग आवळून काठीसारखा ताठ उभा राहिला किंवा आत गेला, तर दहा पावलं मागे या आणि पाच मिनिटं हलू नका. बहुतेकदा तो परत बाहेर येतो.