कोडिंग बूटकॅम्पचे पहिले आठवडे : या चुका टाळा

सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा पीजी-डॅक हा कोर्स असो नाहीतर एखाद्या खासगी संस्थेचा बूटकॅम्प, पूर्णवेळ कोर्सला दम घ्यायला वेळ नसतो. पीजी-डॅकच्या 6 महिन्यांत जावा, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, वेब प्रोग्रॅमिंग असे विषय एकामागून एक अंगावर येतात. पुण्यात अशा कोर्सला येणाऱ्यांत मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्सवालेही असतात आणि त्यातले काही जण पहिल्याच आठवड्यात ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं ठरवून टाकतात. घाई करू नका. डोकं कमी म्हणून मागे पडणारे फार थोडे. बहुतेक जण मागे पडतात ते अडलेलं साचू दिल्यामुळे. सोमवारी न कळलेला लूप गुरुवारी ॲरेमध्ये आडवा येतो आणि रविवारी बसून सगळं भरून काढू म्हटलं, तर रविवारी असाइनमेंट असते.

सगळ्यात महागात पडते ती एरर न वाचण्याची सवय. स्क्रीनवर लाल अक्षरं दिसली की मुलं घाबरून कोड बदलायला लागतात. इथला सेमीकोलन काढ, तिथे कंस घाल. थांबा, वाचा. जावाचा कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) एकदम पंधरा एरर दाखवतो तेव्हा चूक अनेकदा एकच असते. वरून पहिली एरर दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा, बाकीच्या बऱ्याचशा आपोआप जातात. ‘रीच्ड एंड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग’ आलं, तर बहुधा एखादा महिरपी कंस बंद करायचा राहिलाय.

प्रोग्रॅम चालता चालता पडला, तर जावाच्या स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे एररसोबत येणाऱ्या ओळींच्या यादीत, पहिल्या ओळीत काय झालं ते असतं. त्याखालच्या ओळींत तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव शोधा. शेजारी ओळ क्रमांक असतो, तपासाला सुरुवात तिथून करा. पायथनमध्ये हे उलटं आहे, तिथे मुख्य एरर सगळ्यात खाली असते. नल पॉइंटर एक्सेप्शनला (जिथे काहीच नाही, म्हणजे ‘नल’ आहे, ते वापरायला गेल्यावर येणारी एरर) तर आता घाबरायचं कारणच नाही. जावा 15 पासून नेमकं काय नल होतं, हे मेसेजमध्येच सांगितलेलं असतं. लॅबमध्ये जुनं जावा 8 असेल तर मात्र ही सोय मिळणार नाही. तिथे त्या ओळीतला एकेक व्हेरिएबल प्रिंट करून बघावा लागतो.

काही वेळा कोड बरोबर असतो आणि तरी संध्याकाळ वाया जाते. व्हीएस कोड या एडिटरमध्ये फाइलच्या नावाशेजारी गोल ठिपका दिसत असेल, तर फाइल सेव्हच झालेली नाही. तुम्ही जुनाच कोड चालवताय. विंडोज ‘जावा’ ही कमांड ओळखत नसेल, तर जेडीकेच्या (जावाच्या साधनसंचाच्या) बिन फोल्डरचा पत्ता पाथमध्ये, म्हणजे विंडोज कमांड जिथे शोधतं त्या यादीत, टाका आणि त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवा उघडा. उघडलेल्या खिडकीला नवा पाथ कळत नाही. ‘पोर्ट 8080 वापरात आहे’ असं आलं, तर आधी सुरू केलेला सर्व्हर (टॉमकॅट किंवा स्प्रिंग बूट) मागे चालू राहिला असण्याची शक्यता जास्त. तो आधी बंद करा.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट पहिल्या दिवसापासून वापरा. ‘प्रोजेक्ट फायनल 2 नवीन’ असली फोल्डरं ग्रुप प्रोजेक्टला कुणाच्याच कामाची नसतात. एक मात्र सांभाळा : डेटाबेसचा पासवर्ड चुकून गिटहबवर (गिटचा कोड ऑनलाइन ठेवायची साइट) गेला, तर पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे पुढच्या नोंदीत, तो पुसून भागत नाही, जुन्या इतिहासात तो तसाच दिसतो. पासवर्डच बदला.

एआयकडून असाइनमेंट लिहून घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. एररचा अर्थ विचारायला, एखादी संकल्पना सोप्या भाषेत समजून घ्यायला त्याचा जरूर उपयोग करा. पण मिळालेलं उत्तर बंद करून, कोऱ्या फाइलमध्ये तेच स्वतः लिहून बघा. लिहिता आलं नाही तर तो भाग अजून शिकायचाय. इंटरव्ह्यूत कोड समोर बसून लिहावा लागतो. व्हिडिओंचंही तेच. बघताना सगळं कळतं, हात कीबोर्डवर गेला की अडतं.

आणि विचारा. इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प बसणारी मुलं बघून जीव तुटतो, कारण त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा निम्म्या वर्गाचा असतो. मराठीत विचारा, मिसळून विचारा, लॅब संपायच्या आत विचारा. फक्त ग्रुपवर स्क्रीनचा तिरपा फोटो टाकून ‘चालत नाहीये’ एवढंच लिहू नका. काय करत होता, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि तुम्ही काय करून बघितलं, एवढं लिहा. एरर कॉपी करून टाका. ‘सर, लॉगिन फॉर्म सबमिट केला की 404 (पान सापडलं नाही) येतंय. सर्व्हलेटचं (विनंती हाताळणाऱ्या जावा कोडचं) मॅपिंग तपासलं, टॉमकॅट रीस्टार्ट केला, तरी तेच,’ असा मेसेज आला की समोरचा लगेच विचारतो, ‘फॉर्मच्या ॲक्शनमध्ये, म्हणजे तो जातो त्या पत्त्यात, काय लिहिलंयस?’