जुन्या गाडीच्या पोटातला कारखान्याचा कागद: कुठे शोधायचा, कसा सोडवायचा

जुनी गाडी रिस्टोरेशनला घेतली की बडोद्यात पहिलं काम ठरलेलं असतं: गाडी टो करून सर्व्हिस स्टेशनवर न्यायची आणि प्रेशरच्या पाण्यानं खालून-वरून धुऊन काढायची. हे करू नका. कारखान्यातल्या कामगारानं सीटच्या स्प्रिंगमध्ये खोचलेला कागद, दाराच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेला आकडा, टाकीच्या डोक्यावर चिकटलेली चिठ्ठी, हे सगळं त्या दहा मिनिटांत जातं, आणि काय गेलं ते कळतही नाही. आधी शोध, मग धुलाई. व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा शोध संपेपर्यंत लांब ठेवा.

कोणत्या गाडीत काय सापडेल

अमेरिकन कारखान्यांत, विशेषतः 1960 आणि 70 च्या दशकांत, प्रत्येक गाडीसाठी एक छापील तक्ता निघायचा: इंजिन कोणतं, गिअरबॉक्स कोणता, रंगाचा कोड, सीटच्या कापडाचा कोड. याला बिल्ड शीट किंवा ब्रॉडकास्ट शीट म्हणतात. गाडी जोडायच्या लाइनवरच्या वेगवेगळ्या ठिकाणी त्याच्या प्रती जायच्या. सीट बनवणारा आपली प्रत स्प्रिंगमध्ये अडकवून द्यायचा, म्हणजे कोणती सीट कोणत्या गाडीची हे पुढच्याला कळायचं. काम झालं की प्रत काढून टाकण्याचं कुणालाच कारण नव्हतं. म्हणून ती आजही तिथे सापडते.

पण आपल्याकडच्या बऱ्याच अमेरिकन गाड्या अख्ख्या आल्याच नव्हत्या. जनरल मोटर्सनं 1928 पासून 1954 पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं 1947 पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. अशा गाडीत अमेरिकेतला तक्ता मिळण्याची आशा फार धरू नका. तिथे शोधायचं ते दुसरं: पत्र्याच्या आतल्या बाजूचे स्टेन्सिलचे आकडे, दाराच्या हार्डबोर्डामागची खडूची खूण, वायरिंगवरची पार्ट नंबरची पट्टी, सर्व्हिस कूपनचं पुस्तक, डीलरचं डिलिव्हरी चलन, जकातीची पावती, गोल टॅक्स टोकन. हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी, स्टँडर्ड हेराल्ड यांतही हेच शोधायचं. हे कागद दिसायला किरकोळ, पण गाडी कधी आली आणि कुणाच्या हाती गेली ते यांवरूनच कळतं. आमच्या मते बडोद्यातल्या गाडीसाठी जकातीची जुनी पावती बिल्ड शीटइतकीच जपून ठेवण्याची वस्तू आहे.

आधी जमवायचं सामान

नायट्राइल हातमोजे आणि एन-95 मास्क पहिल्यांदा. सीटखाली आणि डॅशमागे उंदरांची घरं असतात. त्यांच्या मुतातून आणि लेंड्यांतून आजार होतात, आणि गुजरातेत लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका खरा आहे. मग टॉर्च, दात बघायचा छोटा आरसा, मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा, एक इंची मऊ ब्रश, बांबूची घासून पातळ केलेली पट्टी (लोखंडी पट्टी कागद फाडते), पंधरा-वीस मोठे पांढरे टिपकागद, बटर पेपर, तोंड दाबून बंद होणारी प्लॅस्टिकची (झिपलॉक) पाकिटं, पेन्सिल. पेन नको; ओल लागली की शाई पसरते. पाण्यासाठी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, ते कोणत्याही गॅरेजात असतं.

प्रत्येक जागेचे उघडण्याआधी, उघडताना आणि उघडल्यावर असे तीन फोटो काढा. कागद कुठे आणि कसा पडला होता, हा पुरावाच असतो. बाहेर काढून टेबलावर ठेवलेल्या कागदाचा फोटो त्याच्या तुलनेत काहीच सांगत नाही.

सीट: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त मिळतं ते सीटमध्ये, आणि सगळ्यात जास्त नासतं तेही तिथेच, कारण सीट आपण कुशनवाल्याकडे देऊन मोकळे होतो. तो आतला काथ्या, कापूस, गोणपाट एका पोत्यात भरतो आणि संध्याकाळी भंगारात देतो. म्हणून सीट स्वतः उघडा, किंवा त्याच्या दुकानात शेजारी बसा. बडोद्यात हे गुजरातीतच सांगितलेलं बरं: “भाई, अंदरनुं कशुं फेंकशो नहीं” (आतलं काही फेकू नका). आणि चिंध्यांचं पोतं घरी घेऊन या.

मागच्या सीटची बैठक उचलली की आधी खालचा पत्रा बघा. कोपऱ्यांत, पाठीच्या आधाराखाली, चाकाच्या कमानीजवळ कागद सरकलेले असतात. मग बैठक उलटी करून उजेडात धरा. स्प्रिंगच्या जाळीतून टॉर्च मारून एकेक रांग बघा. तक्ता घडी घालून किंवा गुंडाळी करून स्प्रिंगमध्ये दाबलेला असतो, आणि वर्षानुवर्षं त्यावर काथ्याचा भुसा बसून तो गोणपाटाच्याच रंगाचा होतो. चौकोनी कडा किंवा सरळ घडी दिसली की थांबा.

ओढू नका. हा कागद स्वस्त लगद्याचा असतो, त्यात आम्ल असतं, आणि चाळीस-पन्नास उन्हाळ्यांनंतर तो पापडासारखा होतो. ओढला की घडीवर तुटतो, आणि नेमके आकडे घडीवरच असतात. कव्हर ज्या लोखंडी रिंगांनी स्प्रिंगच्या तारेला बांधलेलं असतं त्या साइड कटरनं तोडा, कागदाच्या बाजूच्या सगळ्यात शेवटी. कव्हर सोडवल्यावर गोणपाट कागदाच्या चारही बाजूंनी दोन-दोन इंच सोडून कापा आणि कागद गोणपाटासकट उचला. स्प्रिंगची तार गंजून कागदाला चिकटली असेल तर तारच कापा. स्प्रिंग नवी मिळते.

पुढच्या सीटलाही हेच. बेंच सीट असेल तर मधला भाग नीट बघा, कारण तिथे कुणी सहसा हात घालत नाही.

टाकी, दारं, डॅश

काही अमेरिकन गाड्यांत तक्ता पेट्रोल टाकीच्या वर, टाकी आणि फ्लोअरच्या मधल्या फटीत असतो. टाकी पूर्ण रिकामी करा, बॅटरी काढा, काम उघड्यावर करा, आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या. जवळपास ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा लवकर पेटते. पट्टे सोडायच्या आधी फटीत एंडोस्कोप घालून फोटो घ्या. टाकी खाली घेताना सपाट ठेवा, तिरपी केली की वरचा कागद घसरून फाटतो. कागद गंजाला किंवा डांबराला चिकटला असेल तर सोडवायचा प्रयत्न जागेवर करू नका. आडव्या उजेडात, म्हणजे टॉर्च बाजूनं जवळजवळ पत्र्याला टेकवून, फोटो काढा. वाचायला जेवढं आहे तेवढं आधी फोटोत आलं पाहिजे. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावून सुटतो असं सांगणारे भेटतील. कागद सुटतो खरा, पण अक्षरं सोबत जातात.

दारात कागद टिकत नाही, कारण काचेच्या रबरातून उतरलेलं पावसाचं पाणी खाली साठतं. पण दाराच्या पॅडची आतली बाजू सोडू नका. ब्रिटिश धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत काच फिरवायच्या हँडलमागची चकती आत दाबली की आडवी पिन दिसते. ती लोटली की हँडल निघतो. पॅड क्लिपांवरून हळूच सोडवा. हार्डबोर्डामागे मेणखडूनं किंवा शिक्क्यानं लिहिलेलं काही असेल तर ते पुसू नका, ब्रशसुद्धा नको.

डॅशमध्ये ग्लोव्ह बॉक्स काढून त्याची वरची बाजू बघा; क्रायस्लरच्या गाड्यांत तक्ता तिथेही मिळतो. डबा पुठ्ठ्याचा असतो, त्याचे स्क्रू काढल्यावर डबा पिळू नका. बाकी फेल्ट, कार्पेट, छताचं कापड हे काढतानाच हात फिरवत जा.

कागद काहीच नाही मिळाला तर लोखंड वाचा. लुकासच्या डायनॅमोवर, स्टार्टरवर, डिस्ट्रिब्युटरवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. लुकास-टीव्हीएस ही कंपनी 1961 साली निघाली. ते नाव असलेला डायनॅमो 1958 च्या गाडीवर दिसला तर तो नंतर बदललेला आहे.

भिजलेला कागद आणि सुकलेला कागद

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुरात, 2019 ला आणि 2024 ला, तळघरात आणि बंगल्यांच्या आवारात उभ्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. अशा गाडीतला ओला कागद 48 तासांच्या आत हाताळावा लागतो, नंतर बुरशी धरते. एकावर एक चिकटलेली पानं ओली असताना वेगळी करू नका. बटर पेपरमध्ये गुंडाळा, झिपलॉक पाकिटात घाला आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठला की बुरशी थांबते, आणि निवांतपणे एकेक काढून सुकवायला वेळ मिळतो. उन्हात वाळवणं, हेअर ड्रायर, इस्त्री यांतलं काहीही नको.

कोरडा, घडी घातलेला कागद उघडायला उलट त्याला थोडी ओल द्यावी लागते. झाकण असलेला प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या. तळाशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेला टॉवेल, त्यावर जाळीचा स्टँड, स्टँडवर टिपकागद आणि त्यावर आपला कागद. पाणी कागदाला कुठेही लागता कामा नये. झाकणाच्या आतून टिपकागद चिकटवा, नाहीतर झाकणावर जमलेला थेंब नेमका अक्षरावर पडतो. दर अर्ध्या तासानं बघा. दोन ते सहा तासांत कागद कापडासारखा लवचीक होतो. तो झाला की बांबूच्या पट्टीनं एकेक घडी उघडा. जिथे अडेल तिथे पुन्हा डब्यात. मग दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर काच आणि दोन-तीन किलोचं वजन. टिपकागद अर्ध्या तासानं बदला, दोन तासांनी बदला, मग रात्रभर राहू द्या.

एक खबरदारी: जांभळी किंवा पेन्सिलीसारखी करडी अक्षरं दिसली तर आधी तपासल्याशिवाय हा प्रयोग करू नका. जुन्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेलं कोरडं असताना करडं दिसतं आणि ओल लागली की जांभळं होऊन पसरतं. सायक्लोस्टाइलच्या आधीच्या काही नकलांची शाईही तशीच धावते. कोपऱ्यातल्या एखाद्या निरुपयोगी ठिपक्याला ओला इअरबड क्षणभर लावून बघा. रंग उतरला तर कागद घडीसकट ठेवा आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या म्युझियॉलॉजी विभागात विचारा. हा विभाग 1952 पासून आहे, आणि जुन्या वस्तू जपण्याचं शिक्षण तिथे मिळतं.

लॅमिनेशन करू नका. उष्णता आणि गोंद एकदा आत गेले की काढता येत नाहीत. सेलोटेप आणि फेव्हिकॉलही नको. 600 डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, कागदाच्या दोन्ही बाजू, आणि अस्सल प्रत पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून सपाट ठेवा. पीव्हीसीचं पाकीट शाई ओढून घेतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

तो कागद याच गाडीचा आहे का

सीटमधून निघाला म्हणजे गाडीचाच, असं नसतं. लाइनवर एकामागून एक गाड्या जात होत्या, आणि कामगार हातात आलेला कागद जवळच्या गाडीत टाकायचा. पुढच्या-मागच्या गाडीचा तक्ता मिळणं ही नेहमीची गोष्ट आहे. वर सीट एखाद्या दुसऱ्या गाडीतून काढून बसवलेली असेल तर कागदही तिथलाच. म्हणून कागदावरचा नंबर चेसिस प्लेटशी अक्षर अक्षर जुळवा. 1981 च्या आधीच्या अमेरिकन नंबरात सतरा अक्षरं नसतात, त्यामुळे आकडे कमी दिसले म्हणून कागद खोटा ठरत नाही. रंगाचा कोड तपासायला दाराच्या बिजागरीमागचा मूळ रंग बघा. तिथे दुसऱ्यांदा रंग मारताना गन सहसा पोचत नाही.

इंग्लंडमध्ये बनलेल्या मॉरिस, ऑस्टिन, एमजीसाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून कारखान्याच्या नोंदीचा दाखला मागवता येतो. हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनलेल्या अ‍ॅम्बॅसॅडरला तो लागू नाही. रोल्स-रॉइसच्या चेसिस कार्डांसाठी (प्रत्येक गाडीच्या कारखान्यातल्या नोंदीसाठी) इंग्लंडमधल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लबला लिहायचं.

आरटीओत याचा उपयोग मर्यादित आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तर. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी. नंतर पाच-पाच वर्षांनी 5,000 रुपये. तिथे आरसी आणि विमा लागतो, बाहेरून आणलेल्या गाडीला बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद. बिल्ड शीट किंवा चलन आरसीची जागा घेत नाही. पण इंजिन आणि बॉडी मूळची आहे हे सांगताना हातात तोच कागद असतो. मूळ प्रत कुणालाही देऊ नका, खिडकीवर स्कॅनची प्रिंट द्या.

आणि कागद मिळालाच नाही तर जुना दिसणारा छापून सीटमध्ये ठेवू नका. बाजारात असे कोरे नमुने मिळतात. गाडी पुढे दुसऱ्याच्या हाती जाईल, तो तुमच्या कागदावर विश्वास ठेवून इंजिन शोधेल, रंग ठरवेल. जे सापडलं नाही त्याची जागा फाइलमध्ये मोकळी ठेवा आणि पेन्सिलीनं लिहा: तारीख, कोणती सीट, कोणतं दार उघडून पाहिलं.