नाशिकच्या वायनरींना जाताय? या चुका टाळा

पहिली चूक तारीख ठरवतानाच होते. मुलांच्या परीक्षा संपल्या म्हणून आम्ही एप्रिलअखेरीस नाशिक गाठले, तेव्हा द्राक्षांच्या मांडवावर एक पान नव्हते. खरड छाटणी, म्हणजे तोडणीनंतर वेलींच्या काड्या छाटण्याचे काम, नुकतीच उरकली होती आणि तारांना बांधलेली काळपट खोडे तेवढी उन्हात उभी होती. घडांनी लगडलेला मळा पाहायचा असेल, तर जानेवारी ते मार्च या तोडणीच्या काळातच जावे, कारण याच दिवसांत द्राक्षे चिरडणारी यंत्रे चालू असतात आणि टाक्यांत आंबणाऱ्या रसाचा वास आवारात दरवळत असतो.

मळ्यात गेल्यावर घडाला हात लावू नये, हे सांगावे लागते. शिवाय ही द्राक्षे बाजारातल्या थॉमसन या बिनबियांच्या खायच्या द्राक्षांसारखी नसतात. शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यॉ या रेड वाइनच्या जातींचे मणी बारीक, बियांचे आणि जाड सालीचे असतात, आणि रेड वाइनचा रंग व तुरटपणा बहुतांशी त्या सालीतूनच उतरतो.

चव घेताना आधी रेड मागवली, तर तिच्या तुरटपणामुळे नंतरची शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन पाणचट लागते. म्हणून स्पार्कलिंग (फेसाळती), व्हाइट, रोझे (गुलाबी) आणि शेवटी रेड असा क्रम पाळावा. पोटात काही असावे, अंगावर अत्तर नसावे, आणि घोट तोंडात घोळवून त्यासाठीच ठेवलेल्या भांड्यात थुंकण्याची लाज बाळगू नये. आपल्याकडे हेच सर्वांत जड जाते.

एका दिवसात चार वायनरींचा आग्रह धरू नये. सुला आणि यॉर्क गंगापूर धरणाच्या बाजूला जवळजवळ आहेत, पण ग्रोव्हर झाम्पा पार इगतपुरी तालुक्यात सांजेगावला आहे. गाडी न पिणाऱ्यानेच चालवावी, कारण १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास गुन्हा ठरतो. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, तेव्हा सोबतच्या तरुण मंडळींनी ओळखपत्र ठेवावे. निघण्यापूर्वी त्या दिवशी ड्राय डे नाही ना, तेही पाहावे.

शेवटची चूक मी स्वतः केली. घेतलेल्या बाटल्या डिकीत ठेवून आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो आणि परतलो तेव्हा उष्णतेने एका बाटलीचे बूच अर्धा बोटभर वर आले होते. आता थर्माकोलचा डबा सोबत नेतो आणि बाटल्यांची खरेदी परतीच्या वाटेवरच करतो.